आधीं करून पाहावें, मग विकत घ्यावें

मोबाइलमध्यें कॅमेरा आल्यापासून स्वतंत्र कॅमेऱ्याचे दिवस सरले, असें पुष्कळांस वाटलें. त्याचा खप घटला हें खरें. परंतु तो नाहींसा झाला नाहीं. पक्षी, किडे व तारे यांचा नाद असलेल्या मंडळींच्या हातीं आज मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा दिसतो. आणि आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरींही तो येऊन पोहोंचला आहे. यंत्र घरांत येतें न येतें तोंच पुढील मागण्या सुरू होतात: तिपाई पाहिजे, प्रकाश मृदु करणारी पेटी पाहिजे, किड्यांसाठीं वेगळें भिंग पाहिजे. आईबापांसही वाटतें कीं, साहित्य जितकें अधिक तितकी विद्या अधिक. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. आमचें मत असें कीं, कॅमेऱ्याचें कोणतेंही उपसाहित्य विकत घेण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें त्या जातीची एक वस्तु स्वतःच्या हातानें करून पाहावी. पैसे वांचतात हा त्यांतील लहान लाभ होय; ती वस्तु कोणत्या नियमानें चालते हें कळतें, हा मोठा लाभ.

हाताच्या कारागिरीस मिररलेस कॅमेरा विशेष अनुकूल आहे. त्याचें कारण पाहूं. पूर्वींच्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्यें एक तिरपा आरसा असे. तो वर उचलला जाण्यास जागा लागे. म्हणून भिंगाची बैठक दूर ठेवावी लागे. निकॉनच्या जुन्या एफ बैठकीचें हें अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. २००८ सालीं पॅनासॉनिकनें ल्युमिक्स जी-१ हा आरशावांचूनचा कॅमेरा जाहीर केला, आणि पुढें इतरांनींही तोच मार्ग धरला. सोनीच्या ई बैठकींत हें अंतर १८ मिलिमीटर, तर निकॉनच्या झेड बैठकींत १६ मिलिमीटर आहे. आतां ४६.५ मधून १८ वजा करा, २८.५ उरतात. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी मध्यें बसविली कीं, आजोबांच्या वेळचें निकॉनचें भिंग आजच्या सोनी कॅमेऱ्यावर पूर्वीप्रमाणेंच काम करतें. नळींत कांच नाहीं, यंत्र नाहीं. केवळ एक वजाबाकी आहे. आरसा गेल्यानें जी जागा मोकळी झाली, ती हौशी कारागिरास मिळाली आहे.

ह्या जागेचा सर्वांत स्वस्त उपयोग म्हणजे सुईच्या छिद्राचें भिंग. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणारें एक जादा प्लास्टिकचें झांकण घ्यावें, त्याच्या मधोमध भोंक पाडावें, आणि त्यावर शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा चिकटवून त्यांत बारीक सुईच्या टोंकानें छिद्र करावें. छिद्र सेन्सरपासून २० मिलिमीटर दूर असेल, तर त्याचा व्यास सुमारें ०.२ मिलिमीटर असावा. याहून मोठें असल्यास चित्र पसरट होतें, आणि फार लहान असल्यास प्रकाशाच्या लहरीच वळून चित्र बिघडवितात. २० ला ०.२ ने भागिलें म्हणजे १०० येतात. एरव्हीं भर उन्हांत एफ १६ ला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तेथें आतां सुमारें दोन पंचमांश सेकंद लागतो. हें गणित एकदां केलेला मुलगा एफ आंकडा म्हणजे काय हें जन्मांत विसरणार नाहीं. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांत अशा छिद्रांतून पाहिलें तर केवळ काळोख दिसे. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरील अंधुक चित्र उजळून दाखवितो. मात्र भिंगाशिवाय चित्र घेण्याची मुभा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें आधीं सुरू करावी लागते.

दोन पंचमांश सेकंद हात स्थिर राहत नाहीं. म्हणून आधार पाहिजे. येथेंच तिपाईची गरज जाहिरातीवांचून समजते. जाड कापडाच्या पिशवींत बाजरी किंवा तांदूळ भरून ती कठड्यावर ठेवली कीं, कॅमेरा तींत रुतून बसतो. उभ्यानें काम करावयाचें असल्यास कॅमेऱ्याच्या तळाशीं बसणारा पाव इंची, इंचास वीस आटे असलेला बोल्ट घ्यावा, त्यास दोरी बांधावी, दोरीचें दुसरें टोंक पायाखालीं दाबावें आणि कॅमेरा वर ताणून धरावा. हाताचें वरखालीं हालणें ताणामुळें पुष्कळ कमी होतें. बोल्ट चार-पांच मिलिमीटरांहून अधिक आंत जाऊं देऊं नये, नाहींतर तळ फुटावयाचा.

प्रकाशाच्या बाबतींत तर आपल्याकडील उदाहरण आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटाच्या वेळीं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं उन्हांत पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परावर्तित केला, असें सांगतात. आज चादरीऐवजीं थर्माकोलचा तक्ता धरितात, नियम तोच. प्रकाश देणारा पृष्ठभाग वस्तूच्या मानानें जितका मोठा, तितकी सावली मृदु. फुलावरील मुंगीस वहीच्या पानाएवढा ट्रेसिंग कागदाचा पडदाही आकाशाएवढा मोठा असतो. फ्लॅशपुढें तो पडदा धरून पाहावा, आणि मग दुकानांतील पेटी घ्यावयाची कीं नाहीं हें ठरवावें.

गणिताची खरी गोडी चाखावयाची असेल, तर तारे टिपण्याचें दोन फळ्यांचें यंत्र करावें. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरांचें भिंग लावून आकाश टिपूं लागलें कीं, वीसेक सेकंदांनंतर ताऱ्यांच्या रेघा होऊं लागतात, कारण पृथ्वी फिरते. १९७५ सालीं जी. वाय. हेग यांनीं ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकांत ह्यावर साधा उपाय प्रसिद्ध केला. दोन फळ्या एका बिजागरीनें जोडावयाच्या. खालची पक्की बसवावयाची, वरचीवर कॅमेरा ठेवावयाचा. आणि एक बोल्ट फिरवून वरची फळी हळूहळू उचलावयाची. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टाचे आटे एकेक मिलिमीटराच्या अंतरावर असतात. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा करते. यावरून बिजागरी व बोल्ट यांमधील अंतर २२८.५ मिलिमीटर निघतें. मग मिनिटास एक फेरा, म्हणजे दर पंधरा सेकंदांस पाव फेरा, या गतीनें बोल्ट फिरविला कीं फळी पृथ्वीच्या गतीची भरपाई करते. बिजागरीचा आंस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. त्याची उंची त्या त्या गांवच्या अक्षांशाएवढी: पणजीस सुमारें १५.५, पुण्यास १८.५, नागपुरास २१ अंश. भूगोल, भूमिति व सुतारकाम हीं तिन्हीं ह्या एका बिजागरीवर एकत्र येतात. मिररलेस कॅमेरा वजनानें हलका असल्यानें साध्या प्लायवुडचें यंत्रही पांच मिनिटें चांगलें काम देतें.

पालकांस आम्हीं एक निराळें काम सुचवितों. पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशीं जुन्या निगेटिव्ह पडून आहेत. दमट हवेंत त्यांवर बुरशी चढते. ॲसिटेटच्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊं लागला कीं, ती कुजूं लागली असें समजावें. आजीच्या लग्नाचें तेवढेंच एक चित्र उरलेलें असेल, तर तें थांबणार नाहीं. पुठ्ठ्याला ३६ बाय २४ मिलिमीटरांची खिडकी कापून निगेटिव्हची चौकट करावी. खालीं पांढरा दुधी ॲक्रिलिकचा तुकडा व त्याखालीं, थोडें अंतर ठेवून, मोबाइलचा पांढरा उजळ पडदा ठेवावा. ५० मिलिमीटरांच्या भिंगामागें ५० मिलिमीटरांची पोकळ नळी लावली म्हणजे प्रतिमा मूळ वस्तूएवढी होते. कॅमेरा समतल आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं निगेटिव्हच्या जागीं एक लहान आरसा ठेवावा. भिंगाचें प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागीं दिसलें कीं काम सरळ आहे. नंतर संगणकावर काळ्याचें पांढरें करावें. एका सुटींत मुलानें हें केलें, तर घराण्याची आठवण वांचते.

कोणी म्हणेल, हा दरिद्री माणसाचा उद्योग; खिशांत पैसा असतां फळ्यांशीं झटापट कां करावी? त्यास उत्तर असें कीं, अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत विल्सन बेंटली नांवाच्या शेतकऱ्यानें १८८५ सालीं सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून हिमकणांचीं चित्रें घेतलीं. तसें तयार उपकरण दुकानांत मिळण्याची वाट तो पाहत बसला असता, तर हिमकण वितळून गेले असते. ज्यास हल्लीं जुगाड म्हणून हिणवितात त्यांत व ह्यांत भेद आहे. अंदाजानें भागविलेलें तें जुगाड. मोजून व तपासून केलेली ती विद्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: महाग यंत्र बिघडेल. तो आम्हांस मान्य आहे, आणि म्हणून मर्यादा सांगितल्या पाहिजेत. भिंगाच्या दोन टोंकांच्या नळ्या व बैठकी विकतच घ्याव्या. तेथें मिलिमीटराच्या शतांशाचा प्रश्न असतो, आणि पुठ्ठा तो सोडवूं शकत नाहीं. सेन्सर कपड्यानें पुसूं नये. पत्र्याचा कीस झाडल्यावांचून झांकण कॅमेऱ्यावर बसवूं नये. बॅटरी व चार्जर यांस हात लावूं नये. आणि सूर्याच्या बाबतींत घरगुती युक्ति पूर्णपणें वर्ज्य समजावी: सीडी, एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली कांच डोळ्यांचें अथवा सेन्सरचें रक्षण करीत नाहीं. सूर्यासाठीं बनविलेली प्रमाणित गाळणीच भिंगाच्या पुढें लावली पाहिजे.

वर्गांत कॅमेरा एकाच मुलाचा असतो, आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत उभे राहतात, हें चित्र आम्हांस रुचत नाहीं. बाजरीची पिशवी, कागदाचा पडदा, दोन फळ्यांचें यंत्र, निगेटिव्हची चौकट हीं तर कोणासही करतां येतात. आणि ज्यानें तीं केलीं त्याचा त्या छायाचित्रांत वांटा असतो. म्हणून आमची सूचना अशी कीं, शाळेच्या प्रदर्शनांत प्रत्येक छायाचित्राशेजारीं तें काढण्यासाठीं केलेली वस्तु व तिचें गणित मांडावें, आणि बक्षीस दोहोंस मिळून द्यावें. आणि घरीं मुलानें नव्या साहित्याची मागणी केली, तर पालकांनीं रागावूं नये, लगेच होकारही देऊं नये, एवढेंच विचारावें, “ती वस्तु नेमकें काय करते, तें मला करून दाखवशील का?” ज्यास दाखवितां आलें, त्यास ती खुशाल घेऊन द्यावी.