जुन्या पिकअपचे हँडल: बदलायचे की बुश बसवायचे?

सातपाटीची मासळी, घोलवडचे चिकू आणि तारापूर एमआयडीसीतला किरकोळ माल वाहणाऱ्या पालघर-बोईसर पट्ट्यात जुनी पिकअप सहसा कोणी टाकून देत नाही. महिंद्राची १९६५ ची एफसी-१५० असो की टेल्कोची १९८८ ची टाटामोबाईल, अशा गाड्यांचे इंजिन मन लावून बांधले जाते. दाराचे हँडल मात्र लोंबत राहते. शेवटी दार सुतळीने बांधून गाडी चालवायची वेळ येते, आणि त्या दाराला टेकून हमाल किंवा घरचे पोर बसलेले असते. म्हणून हे काम शोभेचे समजू नये.

नवे हँडल घ्यायचे की जुनेच दुरुस्त करायचे, हा वाद गॅरेजमध्ये लगेच सुरू होतो. त्याआधी दोष कुठे आहे ते पाहायला हवे. जुन्या फिरत्या हँडलचा चौकोनी दांडा लॉकच्या चौकोनी भोकात बसतो. त्याला परत आडवे आणणारी स्प्रिंग काही गाड्यांत लॉकमध्ये असते, काहींत हँडलच्या बुडाशी. लॉकमधली असेल तर हँडल काढून त्या भोकात बसेल असा गज घालून फिरवावा. सोडताच तो झटक्यात मागे आला, तर स्प्रिंग शाबूत आहे आणि झीज दांड्याची किंवा भोकाची आहे. तो रेंगाळला, तर आधी लॉक डिझेलमध्ये धुऊन पाहावे. वर्षानुवर्षांचे सुकलेले ग्रीसही हँडलला वर येऊ देत नाही.

खरा चोर अनेकदा बिजागरीत सापडतो. उघडे दार खालून उचलून पाहावे. ते वरखाली हलले तर पिना झिजल्या आहेत. मग दार खाली बसते, लॉक खांबावर अडते आणि उघडताना रोज जास्त जोर लागतो. तो जोर हँडल सोसते. पिना न बदलता नवे हँडल लावले, तर तेही त्याच वाटेने जाणार.

नव्या हँडलची बाजू कमकुवत नाही. रोज भाडे मारणारी गाडी गॅरेजात अडकली की कमाई बुडते. शिवाय बरीच जुनी हँडले जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. ती तडकली की साधे वेल्डिंग धरत नाही. अडचण येते ती डुप्लिकेट मालात: दांडा आखूड निघतो, चौकोन ढिला बसतो आणि दाराची चावी वेगळी सांभाळावी लागते.

दुरुस्तीच्या बाजूने बोईसरला एक मोठी सोय आहे. कारखान्यांच्या कामामुळे लेथवर हात बसलेला टर्नर इथे शोधावा लागत नाही. हँडल ज्यात फिरते ते झिजलेले गोल भोक मोठे करून त्यात पितळी बुश दाबून बसवायचे, दांड्याच्या झिजलेल्या कडांवर पितळ चढवून कानसीने चौकोन काढायचा, एवढेच काम आहे. वेळ लागतो, पण माप त्याच गाडीचे राहते.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. तिचा रोख चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचे राहण्यावर आहे. हँडलपायी ती अडणार नाही. मात्र अशा गाडीने धंदा करता येत नाही. त्यामुळे गाडी कामाची की जपायची, हे मालकाने आधी ठरवावे.

आमचा कौल असा: लॉक आणि बिजागरीत तडजोड नको, तिथे निकामी भाग बदलावाच. हँडल तडकलेले नसेल तर बुशच बसवावे, गाडी कामाची असली तरी. तडकले असेल तर कामाच्या गाडीला नवे चालेल. जपायच्या गाडीसाठी मात्र कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात त्याच मॉडेलचे मूळ हँडल शोधण्याचे कष्ट घ्यावेत.

आणि खाऱ्या हवेचा हिशेब इथे वेगळा धरावा लागतो. क्रोमखाली फोड आले की आतला धातू खाल्ला जात असतो. बुश आणि दांड्यात ग्रीस नसेल तर पितळाजवळचे लोखंड लवकर गंजते. पॅनेल उघडले आहे तोवर दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके सळईने मोकळी करून घ्यावीत. ती बुजली तर पहिल्याच पावसाळ्यात पत्रा आतून सडायला लागेल.