गाडी जुनी, शोभा नवी

बँकेत असताना केवळ रंग निस्तेज झाला म्हणून नव्या मोटारसायकलसाठी कर्ज मागणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिले. त्यापूर्वी जुन्या गाडीला एक रविवार द्यावा. ती धुऊन, वाळवून बारीक ओरखड्यांवर मऊ कापडाने रबिंग कंपाउंड हलकेच फिरवावे, वर मेणाचे पॉलिश द्यावे. ब्रेक व टायरला मात्र ते लागू देऊ नये. फाटक्या सीटला रेक्झिनचे कव्हर घालावे. वह्या व नमुन्यांसाठी मागे कॅनव्हासच्या दोन पिशव्या बांधाव्यात. वजन दोन्हींकडे सारखे असावे. पिशवी सायलेन्सरला टेकू नये, दिवे झाकू नयेत. रंगच बदलल्यास आरसीत नोंद करून घ्यावी. वाचलेला हप्ता दुकानाच्या भांडवलातच शोभतो.