काय खावे आणि कोणाच्या दारी

परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात कपड्यांइतकीच जागा डब्यांना लागते. चिवडा, बेसनाचे लाडू, मेतकूट, लसणीची चटणी, आणि 'असू द्यावे' म्हणून शेवटच्या क्षणी कोंबलेले थालीपिठाच्या भाजणीचे पुडके. यात हसण्यासारखे काही नाही. पोटाची तजवीज झाल्याशिवाय डोळ्यांना काही दिसत नाही, हे आपल्या वाडवडिलांना काशीयात्रेच्या काळापासून ठाऊक होते. पण वाचकहो, भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या शहरात तीन-चार दिवस काढण्याचा बेत असेल, तर निदान बेसनाचा डबा घरी ठेवायला हरकत नाही असे एक शहर आज या सदरात सुचवतो. इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेट आहे, त्याची राजधानी पालेर्मो. तिथले रस्त्यावरचे लाडके खाणे चक्क हरभऱ्याच्या पिठाचे आहे!

रोम-व्हेनिस करणाऱ्या आपल्या सहली पालेर्मोच्या वाटेला फारशा जात नाहीत. या शहराचे नाव काढले की पुष्कळांना 'माफिया' हा एकच शब्द आठवतो. तो शब्द मी टाळणार नाही. जेवणाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे आणि त्याची पाळी पुढे येणारच आहे. पण आधी पोटोबा.

हे शहर ८३१ साली अरबांच्या हाती गेले, १०७२ साली नॉर्मनांनी ते घेतले, आणि दोघांच्याही चुली आजतागायत तिथे पेटत्या आहेत. ऊस, लिंबू, नारिंग, वांगे ही सगळी अरबांची देणगी. ९७३ च्या सुमारास इब्न हौकल नावाचा अरब प्रवासी इथे आला होता. येथील लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात आणि त्यामुळेच त्यांची बुद्धी मंद झाली आहे, असे त्याने लिहून ठेवले. झुणका-भाकरीबरोबर बुक्कीने कांदा फोडणाऱ्या आपणा मंडळींच्या भेटीला तो आला नाही, हे एका परीने बरेच झाले. पुढे ११५४ साली इद्रिसी या भूगोलज्ञाने नॉर्मन राजा रॉजर याच्यासाठी ग्रंथ रचला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी शेवया मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि जहाजांनी दूरदूर जातात, अशी नोंद आहे. मार्को पोलोने चीनहून शेवया आणल्या असे कोणी तुम्हांला सांगू लागले, तर त्याचा जन्म १२५४ चा, एवढेच हळूच सांगावे.

आता प्रत्यक्ष बाजारात चला. बाल्लारो, कापो आणि वुच्चिरिया हे तीन जुने बाजार. वुच्चिरियाचे चित्र रेनातो गुत्तुझो या चित्रकाराने १९७४ साली काढले, आणि आज खऱ्या बाजारापेक्षा चित्रातल्या बाजारातच माल जास्त आहे असे म्हणण्याची पाळी आली आहे. रात्री तिथे तरुणांची गर्दी असते, ते निराळे. भाजी-फळे, मासळी आणि आरोळ्या यांसाठी सकाळी बाल्लारो गाठावे. विक्रेत्यांच्या त्या लयबद्ध आरोळीला तिथे 'अब्बान्नियाता' म्हणतात. शब्द कळले नाहीत तरी अर्थ कळतो. आपल्या मंडईत वाढलेल्या कानाला दुभाषा लागत नाही.

इथेच पहिला घास 'पानेल्ले'चा घ्यावा. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, घोटून, त्यात थोडी पार्सली घालून पातळ थापायचे, गार झाले की तुकडे पाडायचे. इथपर्यंत ही आपली पाटवडीच. पुढे मात्र ते तुकडे कढईत तळतात आणि तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळून हाती देतात. जोडीला बटाट्याची लांबट तळलेली वडी, तिचे नाव 'क्रोक्के'. म्हणजे पावात वडी आणि वडीशेजारी बटाटा! आपल्या वडापावाने आणि या पावाने एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, पण दोघांची जन्मकथा एकच. कष्टकऱ्याला उभ्या उभ्या, स्वस्तात आणि संध्याकाळपर्यंत टिकेल असे काहीतरी हवे होते. तीन-चार युरोंत एका माणसाचे पोट भरते.

गरिबीतून निघालेल्या युक्त्या इथल्या पानापानावर दिसतात. श्रीमंत उमराव 'बेक्काफिको' नावाचे छोटे पक्षी खात. गरिबाने तारलीच्या जातीचे सार्डिन मासे घेतले, त्यांत पावाचा चुरा, मनुका आणि चिलगोजे भरून गुंडाळले, शेपटी पक्ष्यासारखी वर ठेवली आणि त्यालाही बेक्काफिकोच म्हटले. शेवयांवर किसायला चीज परवडत नव्हते, म्हणून पावाचा चुरा खमंग भाजून भुरभुरला. आज मोठमोठी हॉटेलेही तो चुरा अभिमानाने वाढतात. मासे खाणाऱ्यांनी सार्डिन, रानबडीशेप, केशर आणि मनुका यांच्या शेवया, म्हणजे 'पास्ता कॉन ले सार्दे', अवश्य मागवाव्यात. शाकाहारी माणसाने 'कापोनाता' सोडू नये. तळलेले वांगे, सेलरी, ऑलिव्ह आणि केपर यांना शिरका नि साखर घालून आंबट-गोड केलेली ही भाजी गारच खातात. चिंच-गुळावर वाढलेल्या जिभेला ती पहिल्या घासात ओळखीची वाटते.

दुपारी भोंग्याची आरोळी ऐकू आली तर समजावे की 'स्फिंचोने' आला. जाड, मऊ रोटीवर टोमॅटो, कांदा, चीज, पावाचा चुरा आणि खारवलेली अँचोव्ही मासळी. शाकाहाऱ्यांनी दुरूनच नमस्कार करावा. पण तो विकणारी तीनचाकी गाडी जरूर पाहावी. ती 'आपे'! जिच्या बहिणी आपल्या बारामतीच्या कारखान्यातून बाहेर पडतात, तीच.

भाताचा तळलेला गोळा म्हणजे 'आरांचीना', छोटे नारिंग. पालेर्मोत ती स्त्रीलिंगी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला कातानियात तो पुल्लिंगी 'आरांचीनो'. या लिंगभेदावरून दोन शहरांत इतकी हमरीतुमरी आहे की २०१६ साली इटालियन भाषेची जुनी अकादमी 'क्रुस्का' हिला निर्णय द्यावा लागला. दोन्ही रूपे चालतील, असा तो निर्णय. व्याकरण शिकवण्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला, भाताच्या गोळ्याच्या लिंगावरून माणसे भांडतात हे ऐकून केवढे समाधान झाले म्हणून सांगू! नेहमीच्या गोळ्यात बहुधा गोमांसाचा खिमा नाही तर हॅम असते. पालक किंवा नुसते चीज असलेलेही मिळतात. 'सेंझा कार्ने', म्हणजे मांसावाचून, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. कडक शाकाहाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तिथले जुन्या पद्धतीचे चीज कोकराच्या किंवा वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, आणि 'कान्नोली' या प्रसिद्ध गोड नळीच्या कवचाच्या कणकेत परंपरेने डुकराची चरबी व मद्य पडते. विचारले तर दुकानदार खरे ते सांगतो.

गोडाबद्दल बोलायचे तर दिवाळीच्या आसपास गेलेल्यांचे भाग्य मोठे. २ नोव्हेंबर हा तिथे मृतांचा दिवस. त्या रात्री घरातले गेलेले आजी-आजोबा येऊन मुलांसाठी खाऊ ठेवून जातात, असे पालेर्मोची मुले मानतात. आपण पितरांना जेवू घालतो, तिथे पितर नातवंडांना घालतात! बदामाच्या पिठीची हुबेहूब आंबे-संत्र्यांसारखी दिसणारी 'फ्रुत्ता मार्तोराना' त्या दिवसांत दुकानोदुकानी मांडलेली असते. १३ डिसेंबरला, संत लुचियाच्या दिवशी, शहर पाव आणि पास्ता वर्ज्य करते. १६४६ च्या दुष्काळात गव्हाचे जहाज बंदराला लागले तेव्हा भुकेल्या लोकांना दळायलाही धीर धरवला नाही, त्यांनी गहू नुसते शिजवून खाल्ले, अशी आठवण सांगतात. म्हणून त्या दिवशी 'कुच्चीया', म्हणजे शिजवलेल्या गव्हात गोड रिकोत्ता. आपली गव्हाची खीरच ती, फक्त गूळ-नारळाच्या जागी मेंढीच्या दुधाचा मऊ रिकोत्ता.

आता रीतभात थोडक्यात. कॉफी उभ्याने प्यावी. खुर्चीवर बसलात की दर वाढतो. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती दाखवावी लागते. हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' नावाचा माणशी आकार दिसेल; तो पाव नि टेबलाचा, फसवणुकीचा नव्हे. दुपारी तीननंतर चूल विझते, ती रात्री आठच्या सुमारास पेटते. मुले बरोबर असतील तर हा मधला काळ पानेल्ल्यांवर काढावा.

आणि आता तो राहिलेला शब्द.

विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. त्याला फाल्कोने आणि बोर्सेल्लीनो या दोन न्यायाधीशांचे नाव दिले आहे. शहराकडे येताना कापाची गावापाशी रस्त्याच्या दुतर्फा स्मारकाचे उंच लाल खांब दिसतात. २३ मे १९९२ रोजी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन पोलीस इथेच सुरुंगाने उडवले गेले. दोन महिन्यांच्या आत बोर्सेल्लीनोंनाही पालेर्मोच्या रस्त्यावर तसेच मारले. माफियाची ताकद नुसत्या बंदुकीत नव्हती, ती गल्ल्यात होती. दुकानदाराकडून ती जी रक्कम उकळते तिला 'पिझ्झो' म्हणतात. मूळ अर्थ चोच. दुसऱ्याच्या भांड्यात आपली चोच बुडवायची. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे, हप्ता. लीबेरो ग्रास्सी नावाच्या कापड कारखानदाराने जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रात खंडणीखोराला उघड पत्र लिहून, मी देणार नाही, असे कळवले. व्यापारी बांधवांनी त्याला एकटे पाडले. २९ ऑगस्टला सकाळी तो घराबाहेर पडला आणि त्याला गोळ्या घातल्या.

जवळजवळ तेरा वर्षे अशीच गेली. मग २००४ च्या जूनमधल्या एका रात्री काही तरुणांनी शहरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. पिझ्झो देणाऱ्या साऱ्या समाजालाच त्यात अब्रूचा सवाल केला होता. त्यातून 'आद्दियोपिझ्झो', म्हणजे पिझ्झोला रामराम, ही संस्था उभी राहिली. तिचे म्हणणे साधे आहे. दुकानदाराने एकट्याने शूर व्हावे अशी अपेक्षा का धरता? गिऱ्हाईकाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. जो हप्ता देत नाही त्याच्याकडेच मी खरेदी करीन. आज शेकडो दुकाने, खाणावळी, बेकऱ्या दारावर तिची चिठ्ठी लावतात. १८३४ साली सुरू झालेल्या 'अंतीका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्को' या खाद्यगृहाच्या त्या वेळच्या मालकाने खंडणीची तक्रार केली, २००७ साली भर न्यायालयात आरोपींकडे बोट दाखवले, आणि त्यांना शिक्षा झाली. मात्र स्वतः त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात दिवस काढावे लागले. १९९६ च्या कायद्याने माफियाच्या जप्त जमिनी सामाजिक कामासाठी मिळू लागल्या; त्यांवर सहकारी संस्था गहू पिकवतात आणि त्याच्या शेवया विकतात.

चिठ्ठी नसलेला प्रत्येक जण हप्ता देतो असे मुळीच नाही. फिरत्या गाडीवाल्याला तर चिठ्ठी लावायला दारच नसते. पण मोठे जेवण घ्यायचे असेल, चार माणसांचे बिल द्यायचे असेल, तेव्हा दाराकडे एकदा पाहावे. आपण परके, चार दिवसांचे पाहुणे. तिथल्या भांडणात पडण्याचे आपल्याला कारण नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण आपले पैसे तर त्या भांडणात पडतातच, आपण पाहिले नाही तरी. चवीत तसूभर फरक पडत नाही, किमतीतही नाही. फक्त त्या पावामागे उभा असलेला माणूस रात्री दुकान बंद करून जरा निर्धास्त घरी जातो.