कर्मणी रचनेतील शब्दयोगी कोणाचे?

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तिकांत पॅसिव्ह व्हॉइसचा, म्हणजे कर्मणी रचनेचा, विधी सर्रास एकाच साच्यात सांगितलेला आढळतो : कर्म उचलून वाक्याच्या आरंभी आणावे, 'टू बी'चे योग्य रूप घालावे, त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप, म्हणजे भूतकालवाचक धातुसाधित ठेवावे आणि मूळ कर्त्याला 'बाय' लावून त्याची शेवटी सोय करावी. या साच्यात न बसणारी 'सरप्राइज्ड ॲट', 'इंटरेस्टेड इन', 'नोन टू' ही रूपे मग अपवाद ठरतात आणि त्यांची यादी पाठ करून घेतली जाते. या पूर्वपक्षाच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत. कर्मणी रचनेचे स्वतःचे असे एक शब्दयोगी अव्यय असते व ते 'बाय' होय, हे पहिले. आणि 'ॲट', 'इन', 'टू', 'विथ' ही इतर शब्दयोगी त्या 'बाय'च्याच जागी बदली म्हणून येतात, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके टिकणारी नाहीत, आणि त्यांच्यावर उभारलेले अध्यापन विद्यार्थ्याला भाषेपासून दूर नेते.

पहिल्या गृहीतकाला सर्वांत मोठी बाधा प्रत्यक्ष वापराची आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद्व्याकरणात असे नोंदवले आहे की, पाचांपैकी सुमारे चार कर्मणी वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. यात नवल नाही, कारण कर्ता ठाऊक नसतो, सांगण्याजोगा नसतो किंवा सांगायचा नसतो तेव्हाच बहुधा ही रचना हाताशी घेतली जाते. जी वस्तू पाचांतील चार वाक्यांत नसतेच, तिला त्या रचनेचे लक्षण म्हणणे हा सरळसरळ अव्याप्तीचा दोष होय. इतिहासही 'बाय'च्या बाजूने साक्ष देत नाही. जुन्या इंग्रजीत कर्ता दाखवण्यासाठी आजच्या 'फ्रॉम' आणि 'थ्रू' यांचे पूर्वज वापरले जात, मध्ययुगीन इंग्रजीत 'ऑफ'चा जोर होता, आणि 1611 सालच्या अधिकृत बायबल-भाषांतरातही जेथे आज 'बाय' येईल तेथे 'ऑफ' दिसते. म्हणजे कर्मणी रचना तीच राहिली आणि तिच्या कर्त्याचे शब्दयोगी मात्र बदलत गेले. उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते : 'अ नॉव्हेल बाय डिकन्स' या पदबंधात क्रियापदच नाही, तरीही 'बाय' कर्ताच दाखवते. तेव्हा 'बाय' कर्मणी रचनेने जन्माला घातलेले नाही. ते तिच्यापासून स्वतंत्र आहे.

शिवाय कर्मणी क्रियापदाच्या शेजारी आलेले प्रत्येक 'बाय' कर्त्याचेच असते असेही नाही. 'द बोट वॉज फाउंड बाय द रिव्हर बाय द फिशरमेन' या वाक्यात दोन 'बाय' आहेत : होडी नदीच्या काठी सापडली आणि ती कोळ्यांना सापडली. हेच वाक्य कर्तरी करून पाहावे, 'द फिशरमेन फाउंड द बोट बाय द रिव्हर'. कोळ्यांचे 'बाय' नाहीसे झाले, नदीचे 'बाय' होते तिथेच राहिले. या छोट्या प्रयोगात शब्दयोगी पदबंधांच्या, म्हणजे शब्दयोगी आणि त्याच्या पुढील नाम मिळून होणाऱ्या गटांच्या, वर्गीकरणाची किल्ली आहे. कर्तरी वाक्यात जे गळून पडते ते कर्त्याचे. जे आपल्या नामासह जसेच्या तसे राहते ते स्थळ, काळ, साधन सांगणारे, म्हणजे वाक्याचे. साधनाच्या बाबतीत ही कसोटी विशेष उपयोगी पडते. 'द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन' आणि 'द विंडो वॉज ब्रोकन विथ अ स्टोन' यांतील भेद केवळ शब्दांचा नाही. पहिल्या वाक्यात दगड हाच काच फोडणारा आहे, तो डोंगरावरून घरंगळत आलेला असू शकतो. दुसऱ्यात दगड कोणाच्या तरी हातात आहे, आणि तो हात वाक्यात दिसत नसला तरी ऐकणाऱ्याला कळतो. म्हणूनच कर्तरी रूपात पहिला दगड उद्देश्य होतो आणि दुसरा 'विथ'ला धरूनच राहतो.

आता त्या रचनेकडे वळावे जिच्यात विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात. 'द बॉइज लाफ्ड ॲट हिम' या वाक्यात 'ॲट' क्रियापदाशी इतके जोडलेले आहे की 'लाफ ॲट' हा एकच व्यापार होतो, आणि म्हणून कर्मणीत 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय द बॉइज' असे दोन शब्दयोगी पाठोपाठ येतात. साचा पाठ केलेला विद्यार्थी यांतील 'ॲट' हमखास गाळतो, कारण 'बाय' आले म्हणजे शब्दयोग्याची जागा भरली अशी त्याची समजूत करून दिलेली असते. तिला मातृभाषेच्या सवयीचेही पाठबळ मिळते. 'समितीने प्रकरणात लक्ष घातले' हे वाक्य 'प्रकरणात लक्ष घातले गेले' असे फिरवले तरी मराठीत 'प्रकरण' आपला प्रत्यय सोडून उद्देश्याच्या जागी जात नाही. इंग्रजीत मात्र 'द मॅटर वॉज लुक्ड इन्टू' असे म्हणताना नाम पुढे निघून जाते आणि शब्दयोगी क्रियापदापाशीच मागे राहते. ही मोकळीक इंग्रजीला मध्ययुगात मिळाली आणि आज ती 'वॉज टेकन केअर ऑफ', 'वॉज मेड फन ऑफ' अशा लांब जोडांपर्यंत पोहोचली आहे.

मात्र ती अमर्याद नाही. 'द बेड वॉज स्लेप्ट इन' हे वाक्य इंग्रजी भाषकाला स्वाभाविक वाटते, पण 'पुणे वॉज स्लेप्ट इन' हे त्याच्या कानाला खटकते. दोहोंत क्रियापद तेच, शब्दयोगीही तेच. फरक इतकाच की, कोणी झोपून गेल्यावर अंथरुणाची अवस्था बदलते, चादर चुरगळते; शहराचे त्याने काहीच होत नाही. उद्देश्यावर क्रियेचा परिणाम होत असेल किंवा क्रियेमुळे त्याच्याविषयी काही कळत असेल तेव्हाच ही रचना सुखाने वावरते, हे प्रतिपादन भाषाभ्यासक ड्वाइट बोलिंजर यांनी समर्थपणे मांडले. पाठांतराच्या यादीतून हे कधीही हाती लागणार नाही.

उरतो तो अपवादांचा गट. 'सायन्स इंटरेस्ट्स हिम' या वाक्यात 'इन' कुठेही नाही, मग 'ही इज इंटरेस्टेड इन सायन्स' मध्ये ते आले कोठून? ते 'बाय'ची बदली म्हणून आलेले नाही, तर 'इंटरेस्टेड' या विशेषणाचे म्हणून आले आहे. येथे तिसरे रूप क्रियापद न राहता विशेषण झाले आहे, आणि त्याची खूण अशी की, त्याच्या आधी 'व्हेरी' लागते व 'इज'च्या जागी 'सीम्स' चालते. 'अननोन टू' हे याहून स्पष्ट उदाहरण आहे, कारण 'अननो' असे क्रियापद इंग्रजीत नाहीच, मग त्याची कर्मणी रचना कोठून असणार? 'फॉन्ड' 'ऑफ' घेते आणि 'गुड' 'ॲट' घेते, त्याच न्यायाने ही विशेषणेही आपापले शब्दयोगी घेतात.

यावर प्रतिपक्षी म्हणेल की, 'सरप्राइज्ड ॲट' बरोबर 'सरप्राइज्ड बाय' हेही रूढ आहे, 'कव्हर्ड विथ स्नो' बरोबर 'कव्हर्ड बाय स्नो'ही लिहिले जाते, तेव्हा ही सीमारेषा काल्पनिक आहे. आक्षेपातील तथ्य मान्य केलेच पाहिजे : क्रिया आणि अवस्था यांच्यामध्ये एक धूसर पट्टा आहे, आणि 'अनटच्ड बाय'सारखी विशेषणे 'बाय'ही घेतात. परंतु सीमा धूसर असल्याने तिच्या दोन बाजूंचे प्रदेश एक होत नाहीत, आणि विशेषणालाही 'बाय' चालते ही गोष्ट तर 'बाय' हे कर्मणीचे लक्षण नाही याच सिद्धान्ताला बळ देते. परीक्षेच्या सोयीचा युक्तिवाद याहून दुबळा आहे, कारण ज्या नियमाचे अपवाद नियमाहून अधिक पाठ करावे लागतात त्याने विद्यार्थ्याचे श्रम वाचत नाहीत.

मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला आणखी एक गोंधळ येतो. 'रामाने पोळी खाल्ली' याला मराठी व्याकरण कर्मणी प्रयोग म्हणते, कारण क्रियापद पोळीप्रमाणे चालते. पण त्याचे सरळ इंग्रजी कर्तरीच होते. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी मराठी रचना म्हणजे 'रामाकडून रावण मारला गेला' ही, जिला व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. नावाच्या सारखेपणामुळे पहिली रचना 'बाय' घालून भाषांतरित होते आणि इंग्रजी अकारण जड होते.

इंग्रजीच्या शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी रूपांतराच्या स्वाध्यायात बहुसंख्य वाक्ये कर्त्याच्या उल्लेखाशिवाय द्यावीत, 'लाफ्ड ॲट', 'लुक्ड इन्टू', 'सेंट फॉर' ही रूपे अपवादांच्या कोपऱ्यातून काढून मुख्य पाठात आणावीत, 'इंटरेस्टेड इन' आणि 'नोन टू' यांना विशेषणांच्या पाठात त्यांचे हक्काचे स्थान द्यावे, आणि वाक्य फिरवायला सांगण्यापूर्वी त्यातील प्रत्येक शब्दयोगी कर्त्याचे, क्रियापदाचे, विशेषणाचे की वाक्याचे, हे विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे.