ज्ञानेंद्रिये पाचच?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे, आणि तेही आधी स्वतःशीच. पस्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं, 'ज्ञानेंद्रिये पाच'. कुणी सहावं विचारलं, तर दरडावून खाली बसवलं.

गेल्या पावसाळ्यात तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि न्हाणीघरात तोल गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, जरा बघून!" अरे, मिटल्या डोळ्यांनी बघू कसा?

तोल सांभाळायला डोळे आणि आतला कान असतात, तसे स्नायूही असतात. स्नायूंत चातीच्या आकाराचे बारीक संवेदक असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला, ते मज्जारज्जूला कळवतात. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तो यांच्यामुळेच. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांत दुसरे असतात, गोल्जींच्या नावाचे. ते ओढीचा जोर मोजतात. शेरिंग्टन यांनी या जाणिवेला १९०६ सालीच नाव दिलं. तरी मी पाचच घोकून घेतली!

'लहान मुलांना एवढं कशाला?' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं: मुलाला डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगा. हात कुठे आहे, हे पाचांपैकी कुणी सांगितलं?

वयाबरोबर ही जाणीव बोथट होते. तिचं नावच ज्याला शिकवलं नाही, त्याला पडणाऱ्या म्हाताऱ्याचा फक्त वेंधळेपणा दिसतो. माझ्या मुलाला तरी काय बोलणार? त्याला 'पाच' मीच शिकवले होते.