काळ्या कुड्याचे पान बाजाराआधी प्रयोगशाळेत जाऊ द्या

मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर



आपल्या वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांनी मिळून कोल्हापूर जिल्ह्यातील काळ्या कुड्याच्या पानांतील औषधी द्रव्ये मोजावीत आणि ते आकडे सर्वांसाठी खुले करावेत, ही विनंती करण्यासाठी हे पत्र. हे झाड सर्वांच्या पाहण्यातले आहे: चुन्यासारखा पांढरा चीक, उन्हाळ्यात पांढरी फुले, आणि टोकाशी एकमेकींना चिकटून लोंबणाऱ्या लांब शेंगांच्या जोड्या. त्याच्या पानांपासून नीळ निघते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या अखेरीस या निळीची कृती नोंदवली. नेहमीच्या निळीची रोपे थंड पाण्यात कुजवतात, ही पाने गरम पाण्यात ठेवावी लागतात. पानात निळा रंग तयार नसतोच. पेशी फुटल्या की इंडॉक्सिल मोकळे होते आणि हवेतल्या प्राणवायूमुळे त्याचे दोन रेणू जुळून नीळ बनते. तेच इंडॉक्सिल आयसॅटिन या दुसऱ्या संयुगाशी जुळले तर तांबूस जांभळे इंडिरुबिन होते. ट्रिप्टँथ्रिन नावाचे पिवळे अल्कलॉइडही याच घराण्यातले. काळ्या कुड्याच्या पानांपासून नीळ, इंडिरुबिन आणि ट्रिप्टँथ्रिन ही तिन्ही मिळालेली आहेत.

या द्रव्यांचे वैद्यकीय मोल आता ऐकीव राहिलेले नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर चीनमध्ये दिल्या जाणाऱ्या एका पारंपरिक गोळीतला खरा गुणकारी घटक इंडिरुबिन असल्याचे तिथल्या संशोधकांनी शोधून काढले, आणि पेशींचे विभाजन चालवणाऱ्या विकरांना ते कसे रोखते हे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानमध्ये सोरायसिसच्या 42 रुग्णांवर वनस्पतिजन्य निळीच्या मलमाची चाचणी झाली. 2008 मध्ये छापून आलेला तिचा निष्कर्ष मलमाच्या बाजूने होता. जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या व्रणदाहावर हीच नीळ पोटात देऊन पाहिली, तेव्हा रुग्णांना गुण आला. पण ही नीळ घेणाऱ्या काहींच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब धोकादायक वाढल्याचे दिसून 2016 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला आणि चाचणी वेळेआधी थांबली. गुण आणि धोका दोन्ही एकाच निळीतून येतात. म्हणून काळ्या कुड्याच्या पानात काय आणि किती आहे हे कळणे अत्यावश्यक ठरते.

दक्षिणेत या झाडाची पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात. काही दिवसांत तेल गडद जांभळे होते आणि सोरायसिसवर लावले जाते. हे तेल आता सगळीकडे विकत मिळते. पण कोणत्या मातीतल्या, कोणत्या महिन्यातल्या पानांत इंडिरुबिन किती आणि ट्रिप्टँथ्रिन किती, हे रुग्णाला कोण सांगणार? त्यात काळ्या कुड्याची साल आणि बिया पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली खपवल्या जातात. पांढऱ्या कुड्यातले कोनेसीन हे अल्कलॉइड आवेवर चालते. ते वेगळे झाड, वेगळे रसायन. आयुर्वेदाला हे सारे आधीच ठाऊक आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही भेसळ आधी विचारात घ्यावी.

इंडिरुबिन प्रयोगशाळेत सहज बनते, मग झाडामागे कशाला लागायचे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. जर्मनीत 1897 पासून कृत्रिम नीळ कारखान्यात बनू लागली आणि आपल्याकडची निळीची शेती त्यानंतर बसली. शुद्ध रेणूचे औषध झाले तर ते कारखान्यातच व्हावे, आणि जंगलाच्या दृष्टीने तेच बरे. पण लोक आज वापरतात ते पानांचे तेल, आणि मोजमाप त्याचेच व्हायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आकडे जाहीर झाले की कुऱ्हाडी येतील. नरक्या या झाडाचा अनुभव आपल्या जिल्ह्याला पोळून गेला आहे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी अल्कलॉइड या झाडात असल्याचे 1972 मध्येच छापले गेले होते. 1996 मध्ये त्यापासून बनलेली औषधे अमेरिकेत मान्य झाली, मागणी भडकली, आणि चंदगड, आजरा, राधानगरीकडच्या रानांतला नरक्या चोरून तोडला जाऊ लागला. मधल्या चोवीस वर्षांत रोपवाटिका उभ्या राहिल्या असत्या, गावांना झाडाची किंमत कळली असती. ते झाले नाही. माझ्या मते नुकसान माहितीने केले नाही. ती व्यापाऱ्याकडे आधी आणि गावाकडे सर्वांत शेवटी पोचली, याने केले. शिवाय नरक्याचे द्रव्य लाकडात आणि मुळांत असल्याने झाडच जाते. काळ्या कुड्याचे पानात आहे, आणि पाने तो दरवर्षी गाळतोच.

कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2002 मध्ये आपल्याच विद्यापीठातून दिला. कोणते झाड कुठे, हे त्यामुळे माहीत आहे. आता पन्हाळा ते चंदगड ठिकठिकाणची पाने पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि गळतीच्या तोंडावर गोळा करून तपासावीत. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी; निष्कर्ष मराठीत तिथे पोचवावेत. जास्त द्रव्य देणाऱ्या झाडांची रोपे विद्यापीठाच्या उद्यानात वाढवून बांधावर लावायला शेतकऱ्यांना द्यावीत. आणि पोटात घेण्याच्या धोक्याची सूचना प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असावी. येत्या पावसाळ्यात पहिले नमुने घेता येतील. त्याआधी दोन्ही विभागांची बैठक आपण बोलवावी.

आपला,
कोल्हापूरचा एक नागरिक