गाडी ‘ग्रीन’, हवा गुल!

माझा एक कॉलेजचा मित्र स्टुटगार्टमध्ये असतो. इंजिनीअर आहे, आणखी काय असणार! तिथे गेल्या गेल्या त्याने सेकंडहँड डिझेल गाडी घेतली आणि फोटोसकट मला ऐकवलं, ‘अ‍ॅव्हरेज सॉलिड आहे, वर कार्बन डायऑक्साइडही पेट्रोलपेक्षा कमी. तू बस स्कूटरवर धूर काढत!’ मी गप्प. कारण पठ्ठ्याचं चुकत नव्हतं.

अख्ख्या युरोपचा तेव्हा हाच फंडा होता. डिझेल लिटरमागे जास्त पळतं, मग त्यावर टॅक्स कमी ठेवा. ब्रिटनने तर २००१ मध्ये गाडीचा टॅक्सच कार्बन डायऑक्साइडवर ठरवला. २०११ च्या सुमाराला पश्चिम युरोपातल्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या.

गोची एवढीच की डिझेल इंजिनातल्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. काजळी फिल्टरमध्ये अडकते, हा वायू नाही. युरो ४, युरो ५ असे नियम कडक होत गेले, लॅबमध्ये गाड्या पास होत गेल्या, रस्त्यावरची हवा मात्र त्या मानाने सुधारेना. सप्टेंबर २०१५ मध्ये भांडं फुटलं. फोक्सवॅगनच्या गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं, की टेस्ट चालू आहे हे गाडीला बरोब्बर कळायचं. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळा कशी चकाचक असते, तसंच! जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या, त्यातल्या बहुतेक युरोपात. आणि पकडलं कोणी? अमेरिकेने. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या काही जणांनी गाडीत यंत्रं ठेवून ती सरळ रस्त्यावर पळवली. बास. एवढं साधं युरोपातल्या सरकारांना का सुचलं नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपझिगच्या कोर्टाने निकाल दिला, शहरं जुन्या डिझेल गाड्यांना बंदी घालू शकतात. स्टुटगार्ट वाटीसारख्या खोलगट जागेत वसलंय, हवा तिथेच कोंडते. २०१९ मध्ये तिथे युरो ४ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्या बंद झाल्या. मित्राची गाडी गेली पडेल भावात. फोनवर तासभर तणतणला. ‘सरकारनेच सांगितलं डिझेल घ्या, आता मीच गुन्हेगार?’ मी मनापासून त्याच्या बाजूने होते.

मग डिसेंबर २०२० मध्ये लंडनची बातमी आली. एला किस्सी-डेब्रा, वय वर्षं नऊ. घर वाहत्या साउथ सर्क्युलर रोडच्या अगदी जवळ. दम्याने २०१३ मध्ये गेली. तिच्या मृत्यूच्या कारणांत कोरोनरने चक्क ‘हवेचं प्रदूषण’ लिहिलं. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. मी बातमीची लिंक मित्राला पाठवली. का, ते मलाच नीट सांगता येणार नाही.

त्याचा रिप्लाय दुसऱ्या दिवशी आला. ‘पोरगी यंदा पहिलीत गेली. शाळेच्या वाटेवर नेकारटोअर लागतं.’ खराब हवेसाठी जर्मनीभर बदनाम झालेला चौक तो.

गाडीच्या पैशांचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही.